भिंतीआड गेल्यावरही गोळी लागते कशी?

नेमबाजीचा कुठलाही ऑनलाइन गेम घ्या, खेळणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: "अरे, मी भिंतीआड पोचलो होतो! तरी मेलो!" मग खापर फुटतं ते समोरच्यावर (चीटिंग करतोय), नाही तर नेटवर, नाही तर गेम बनवणाऱ्यांवर. गंमत म्हणजे मारणारा त्याच वेळी आपल्या टीमला सांगत असतो, "चांगला उघड्यावर उभा होता, सरळ टिपला." दोघंही खरं बोलत असतात. दोघांच्या पडद्यांवर त्या घटकेला दोन वेगळी चित्रं होती आणि आपापल्या जागी दोन्ही बरोबर होती.

ऑनलाइन गेममध्ये सगळ्यांचा मिळून एक 'आत्ता' नसतो. प्रत्येकाच्या फोनवर, कन्सोलवर किंवा कॉम्प्युटरवर त्या जगाची स्वतंत्र प्रत चालू असते आणि या प्रती एकमेकींच्या काही मिलिसेकंद (सेकंदाचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिसेकंद) मागे-पुढे असतात. हा फरक कुणालाही शून्यावर आणता येत नाही. तो फक्त लपवता येतो. कसा लपवायचा आणि त्याचा भुर्दंड कुणाच्या माथी मारायचा, हे ज्या प्रोग्रॅमिंगने ठरतं त्याला खेळणारे 'नेटकोड' म्हणतात. नेटकोड चांगला की वाईट यावर तावातावाने भांडणारे पुष्कळ; तो नेमकं करतो काय, हे मात्र फार कमी जण विचारतात.

फरक शून्य का होत नाही, याचं उत्तर सोपं आहे. निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. फायबरच्या काचेतून जाताना तोच वेग साधारण २ लाखांवर येतो, म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. सर्व्हर, म्हणजे सगळ्या खेळणाऱ्यांना जोडणारा गेमचा मुख्य कॉम्प्युटर, ५,००० किलोमीटरवर असेल तर जायला २५ आणि यायला २५, असे ५० मिलिसेकंद गेलेच. तेही केबल नाकासमोर सरळ गेली असेल तर. प्रत्यक्षात ती वळणं घेत जाते आणि वाटेतला प्रत्येक राउटर आपला थोडा वेळ घेतो. भूस्थिर उपग्रहावरून नेट येत असेल तर तो उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. तुमचा संदेश वर जाऊन खाली येणार आणि उत्तरही तसंच वर जाऊन खाली येणार, की झाला जवळजवळ अर्धा सेकंद. यात कुणाचा हलगर्जीपणा नाही, कुठला प्लॅन घेऊन हे सुटणारंही नाही.

या जाण्या-येण्याच्या वेळेला आपण पिंग म्हणतो. माइक मूस या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९८३ साली त्या नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला: डेटाचं एक छोटं पाकीट पाठवायचं आणि त्याचं उत्तर किती वेळात परत येतं ते मोजायचं. गेमच्या कोपऱ्यात दिसणारा आकडा साधारण तोच. इंटरनेटचा 'स्पीड' म्हणून जे विकलं जातं ते वेगळं. एमबीपीएसचा आकडा सांगतो की सेकंदाला किती माल जाईल. पहिला दाणा कधी पोचेल याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. नेमबाजीच्या गेमला लागणारा डेटा व्हिडिओच्या मानाने किरकोळ असतो. म्हणून पॅकेज दुप्पट करूनही लॅग, म्हणजे हा जाणवणारा उशीर, जागच्या जागी राहतो आणि लोक चक्रावतात.

आता लपवालपवीकडे वळू.

जून १९९६ मध्ये आयडी सॉफ्टवेअर या कंपनीचा 'क्वेक' हा नेमबाजीचा गेम आला. त्याची रचना प्रामाणिक होती: तुमच्या कॉम्प्युटरने कुठलं बटण दाबलं तेवढं सर्व्हरला कळवायचं, सर्व्हरने काय झालं ते ठरवायचं आणि निकाल परत धाडायचा. एकाच इमारतीतल्या नेटवर्कवर हे झकास चालायचं. पण लोक टेलिफोनच्या मोडेमवरून खेळायला लागले आणि तिथे पिंग दोनशे-तीनशेच्या घरात. पुढे जायचं बटण दाबलं की पाव सेकंदाने पाऊल पडायचं. वळायला उशीर, थांबायला उशीर, दार सोडून भिंतीवर आपटणं. समोरचं काही दिसल्यावर बटण दाबायला माणसालाच साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, मग पाव सेकंदाचं एवढं काय, असं वाटेल. पण समोरच्याच्या हालचालीतला उशीर मेंदू खपवून घेतो. स्वतःच्या हातापायातला नाही.

आयडीचा प्रोग्रॅमर जॉन कारमॅकने त्याच डिसेंबरात 'क्वेकवर्ल्ड' नावाने जी सुधारित आवृत्ती काढली, तिच्यातली युक्ती आजही बहुतेक गेम वापरतात. तुमचं मशीन सर्व्हरची वाट बघत बसत नाही. बटण दाबताच ते तुम्हाला तुमच्या पडद्यावर चालवून टाकतं आणि त्याच वेळी सर्व्हरला कळवतं. प्रत्येक कळवण्यावर क्रमांक असतो. समजा १०९ पर्यंत पाठवून झालं आणि तेवढ्यात सर्व्हरचं उत्तर आलं: "१०४ पर्यंतचं मिळालं, त्या वेळी तू या खांबापाशी होतास." मशीन काय करतं? तुम्हाला मनातल्या मनात त्या खांबापाशी उभं करतं, १०५ ते १०९ ही पाच पावलं पुन्हा टाकून बघतं आणि शेवटची जागा आधीच दाखवलेल्या जागेशी ताडून बघतं. बहुतेक वेळा ती तंतोतंत जुळते, कारण भिंती हलत नाहीत आणि तुमची बटणं तुमच्या मशीनला ठाऊक असतात. हा सगळा खटाटोप सेकंदात कित्येकदा चालू असतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

जुळलं नाही तर मात्र पत्ता लागतो. सर्व्हरच्या लेखी मध्येच कुणी तुमच्या वाटेत आलं होतं किंवा तुमची दोन-तीन पाकिटं वाटेतच गहाळ झाली, तर तुम्ही गेलात कुठे आणि सर्व्हर म्हणतो कुठे! मग मशीन तुम्हाला झटक्याने मागे ओढतं. याला रबर बँडिंग म्हणतात. ते दिसलं तर समजावं की अंदाज चुकला आणि सर्व्हरने कान धरून जागेवर आणलं.

दुसऱ्या खेळाडूंच्या बाबतीत हा अंदाज चालत नाही. ते पुढच्या क्षणी कुठे वळतील हे तुमच्या मशीनला कुठून कळणार? सर्व्हर ठरावीक अंतराने सगळ्यांच्या जागांची नोंद पाठवतो. व्हॉल्व्ह कंपनीचा 'हाफ-लाइफ २' हा गेम ज्या सोर्स इंजिनवर (गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमवर) चालायचा, त्यात ही नोंद सेकंदाला २० वेळा यायची. पडदा तर सेकंदाला ६० किंवा त्याहून जास्त चित्रं काढतो. नोंद आली तेव्हाच बाहुलं हलवलं तर ते उड्या मारत चालल्यासारखं दिसेल. म्हणून मशीन हाती आलेल्या दोन नोंदींच्या मध्ये बाहुल्याला हळूच सरकवत नेतं. त्यासाठी पुढची नोंद आधी हातात असायला हवी, म्हणजे दाखवायचं ते मुद्दाम थोडं उशिरा दाखवायला हवं. सोर्स इंजिनमध्ये हा मुद्दामचा उशीर मुळात १०० मिलिसेकंद होता, कारण एखादी नोंद वाटेत हरवली तरी काम अडू नये.

दोन्ही युक्त्या एकत्र ठेवून बघा, काय विचित्र प्रकार होतो. तुमच्या पडद्यावर तुम्ही सर्व्हरच्या किंचित पुढे असता आणि बाकी सगळे किंचित मागे. तुम्ही भविष्यातून भूतकाळावर गोळ्या झाडत असता.

आता भिंतीआडच्या मरणाचा हिशेब मांडू. पळणाऱ्याचा पिंग ४०, म्हणजे एका बाजूचा प्रवास २०. मारणाऱ्याचा पिंग १२०, म्हणजे एका बाजूने ६०. मुद्दामचा उशीर ५० धरू. पळणारा उघड्यावर आहे तो क्षण शून्य मानू. त्याची ती जागा सर्व्हरला कळते २० व्या मिलिसेकंदाला, मारणाऱ्याच्या मशीनपाशी पोचते ८० व्याला आणि पडद्यावर दिसते १३० व्याला. नेम आधीच धरलेला आहे, त्याच क्षणी चाप ओढला. गोळी झाडल्याची खबर सर्व्हरला मिळते १९० व्याला आणि "तू मेलास" हा निरोप पळणाऱ्याला मिळतो २१० व्याला. एवढ्या वेळात तो सेकंदाला ६ मीटरच्या वेगाने पळत असेल तर सव्वा मीटर पुढे गेला. सव्वा मीटर म्हणजे भिंतीआड चांगलं एक पाऊल. त्याच्या डोळ्यांदेखत तो सुरक्षित होता.

पण १९० व्या मिलिसेकंदाला सर्व्हर करतो काय, ते बघण्यासारखं आहे. त्या वेळी सर्व्हरच्या स्वतःच्या चित्रातही पळणारा उघड्यावर नसतो. सर्व्हर फक्त तेवढंच बघत बसला असता तर मारणाऱ्याला नेहमी रिकाम्या जागेवर, अंदाजाने पुढे नेम धरावा लागला असता, आणि किती पुढे हे त्या घटकेच्या पिंगवर ठरलं असतं. सुरुवातीच्या काळात लोक खरोखर तसंच खेळायचे. म्हणून सर्व्हर प्रत्येकाच्या गेल्या काही क्षणांतल्या जागा लक्षात ठेवतो. गोळीची खबर आली की सगळ्यांना मागे नेऊन मारणाऱ्याला जसं दिसत होतं तसं उभं करतो, गोळी लागते का बघतो आणि पुन्हा सगळ्यांना जागेवर आणतो. व्हॉल्व्हच्या यान बर्नियर यांनी २००१ मध्ये ही पद्धत सविस्तर लिहून मांडली आणि भिंतीआडच्या मरणाचा तोटाही तिथेच कबूल केला.

म्हणजे हा निवाडा आहे आणि तो जाणूनबुजून मारणाऱ्याच्या बाजूने दिलेला आहे. मला तो योग्य वाटतो. ज्याच्या समोर शत्रूच्या छातीवर नेम स्पष्ट दिसत होता त्याला "लागलाच नाही" म्हणून सांगणं प्रत्येक गोळीला खटकेल. मरणाऱ्याला मात्र अन्याय झाला असं कधीतरीच, कडेच्या प्रसंगात वाटतं. अट एकच, मागे नेण्याला मर्यादा हवी. नाही तर भयंकर पिंग असलेला माणूस शिळं चित्र बघून अर्ध्या सेकंदापूर्वीच्या लोकांना मारत सुटेल. म्हणून अनेक गेम ठरावीक मिलिसेकंदांपलीकडे मागे जात नाहीत. तिथून पुढचा भुर्दंड ज्याचा पिंग जास्त त्याचा. (रॉकेटसारख्या, हवेतून दिसत जाणाऱ्या अस्त्रांना ही सवलत बहुधा नसते. ती चुकवायला समोरच्याला वेळ मिळतो, म्हणून तिथे सर्व्हरचं वर्तमानच चालतं.)

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, जी दबा धरून बसणाऱ्यांना अजिबात आवडत नाही. कोपऱ्यावर नेम धरून तुम्ही बसला आहात आणि समोरचा त्या कोपऱ्यातून झपकन बाहेर आला. तो त्याच्या पडद्यावर लगेच बाहेर आलेला असतो आणि त्याला तुम्ही लगेच दिसता, कारण तुम्ही हललेलाच नाहीत. तुम्हाला तो दिसणार वरच्या उदाहरणातल्या १३० मिलिसेकंदांनंतर. माणसाची प्रतिक्रियाच दोनशेच्या आसपास असताना ही आघाडी थोडकी नव्हे. म्हणून चांगले खेळाडू एकाच कोनावर ठाण मांडून बसत नाहीत.

टिकरेटबद्दल दोन शब्द पुरे. सर्व्हर सेकंदाला किती वेळा जगाचा हिशेब करतो तो हा आकडा; असा एकेक हिशेब म्हणजे एक टिक. ६४ म्हणजे दर १५.६ मिलिसेकंदांनी, १२८ म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदांनी. 'व्हॅलोरंट' २०२० मध्ये १२८ घेऊन आला आणि 'काउंटर-स्ट्राइक २' ने २०२३ मध्ये दोन टिकांच्या मधली नेमकी वेळही नोंदवायची पद्धत आणली. दोन्ही सुधारणा खऱ्या. पण जिथे एकूण उशीर शंभर-दोनशेचा आहे तिथे सात-आठ मिलिसेकंदांवरून किती रक्त आटवायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

सर्व्हरकडे निवाडा न सोपवणारी एक वेगळीच वाट आहे. १९९७ च्या 'एज ऑफ एम्पायर्स' या राज्य उभारून लढायच्या गेममध्ये एकेका डावात शेकडो सैनिक, गावकरी, जनावरं असायची आणि खेळणारे २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर. प्रत्येकाची जागा पाठवणं शक्यच नव्हतं. मग जागा पाठवायच्याच नाहीत असं ठरलं. पाठवायचे फक्त हुकूम: हे पन्नास तिरंदाज त्या टेकडीवर. प्रत्येक कॉम्प्युटर तेच हुकूम घेऊन पूर्ण जग स्वतः चालवणार, आणि सगळ्यांकडे गणित तंतोतंत एकच असेल तर निकालही एकच येणार. हुकूम लगेच अंमलात येत नाहीत, सगळ्यांकडे पोचावेत म्हणून दोन पाळ्यांनंतर येतात (पाळी म्हणजे गेमच्या वेळेचा एक छोटा तुकडा).

यात जीव त्या 'तंतोतंत'मध्ये अडकलेला. गेमच्या प्रोग्रॅमरांनी नंतर लिहून ठेवलंय की नकाशा तयार होताना एखादं हरीण एका कॉम्प्युटरवर केसभर वाकडं उभं राहिलं तर ते चरायला थोडं वेगळीकडे जायचं. काही मिनिटांनी एखादा गावकरी थोड्या वेगळ्या वाटेने जायचा किंवा त्याचा भाला हुकायचा, मांस हाती लागायचं नाही. तिथून दोन्ही जगं कायमची फारकत घेत. एका हरणापायी अख्खा डाव बाद.

त्यांचंच आणखी एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. हुकूम दिल्यावर पाव सेकंद उशीर झाला तर खेळणाऱ्यांच्या लक्षातही येत नव्हतं. अर्धा सेकंद झाला तरी लोक जुळवून घेत, पण तो अर्धाच राहिला पाहिजे. कधी ८० तर कधी ५०० असं झालं की चिडचिड सुरू. सवय उशिराची होते. लहरीपणाची होत नाही.

हाणामारीच्या गेममध्ये मात्र पाव सेकंद म्हणजे संपलंच. तिथे सेकंदाला ६० चित्रं चालतात, एक चित्र १६.७ मिलिसेकंदांचं, आणि तीन-चार चित्रांच्या फरकाने ठोसा अडवला जातो किंवा लागतो. जुनी पद्धत अशी की समोरच्याचं बटण कळेपर्यंत तुमचंही बटण रोखून धरायचं. अन्याय कुणावर नाही, पण दोघंही चिखलात लढल्यासारखे. टोनी कॅनन हा या गेमचा कट्टर खेळाडू. त्याने २००६ मध्ये जीजीपीओ नावाची प्रणाली काढली आणि थांबणंच रद्द केलं. समोरच्याचं बटण कळलं नाही? मग आधीच्या चित्रात तो जे दाबत होता तेच आताही दाबतोय असं धरून पुढे चालायचं. ऐकायला बेफिकीर वाटतं, पण सेकंदाच्या ६० भागांपैकी बहुतेकांत माणूस बटण बदलत नाही, त्यामुळे अंदाज खरा ठरतो. खोटा ठरला तर जपून ठेवलेल्या जुन्या स्थितीत परत जायचं, खरं बटण घालून मधली तीन-चार चित्रं पडद्यामागे झरझर चालवायची आणि थेट आताची स्थिती दाखवायची. खेळणाऱ्याला एवढंच जाणवतं की ठोशाची सुरुवात किंचित गाळली गेली. ठोसा लागण्याआधी हात उगारण्याची काही चित्रं असतातच, कात्री बहुतेक वेळा तिथे चालते.

याला रोलबॅक म्हणतात. २०१९ मध्ये कॅननने जीजीपीओचा कोड सर्वांना खुला केला आणि आता नवा हाणामारीचा गेम रोलबॅकशिवाय आला तर लोक आधीच नाक मुरडतात. मग सगळेच गेम हे का वापरत नाहीत? दोन माणसं आणि एक रिंगण, एवढं जग एका चित्राच्या वेळात चारदा चालवता येतं. शंभर खेळाडू, गाड्या आणि पडणाऱ्या भिंतींचं जग तसं चालवायला गेलं की मशीनच धापा टाकतं.

आता आपल्या हातात काय आहे ते. गेमची पाकिटं साधारणपणे यूडीपी या पद्धतीने जातात, जिच्यात हरवलेलं पाकीट पुन्हा मागवलं जात नाही. हा निष्काळजीपणा नाही. शत्रू अर्ध्या सेकंदापूर्वी कुठे होता हे आता कळून काय उपयोग? वरातीमागून घोडं. त्यामुळे थोडी पाकिटं हरवली तर गेम निभावून नेतो. त्याला खरा त्रास होतो तो पाकिटं कधी लवकर, कधी उशिरा आल्याने. वायफायवर हेच घडतं: एकाच लहरीवर घरातली सगळी उपकरणं पाळीपाळीने बोलतात, गोंधळ झाला तर पुन्हा पाठवावं लागतं आणि पिंगचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा होतो. साधी केबल जोडली तर सरासरी पिंग फारसा उतरणार नाही, पण दाते जातील. वर सांगितलेली लहरीपणाची चिडचिड आठवा.

दुसरा छुपा अपराधी राउटरमधली रांग. घरात कुणाच्या तरी फोनमधले फोटो आपोआप वर चढत असतात, राउटर ती सगळी पाकिटं हावरटासारखी साठवून ठेवतो आणि गेमचं इवलंसं पाकीट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं. एकच वस्तू घेऊन गेलो आणि पुढच्याची गाडी महिन्याच्या सामानाने भरलेली, तशी गत. याला बफरब्लोट म्हणतात. तपासणं सोपं: घरात शांतता असताना पिंग बघा, मग एखादी मोठी फाइल अपलोडला लावून बघा. ३० चा आकडा एकदम शंभरांत गेला तर दुखणं इथे आहे. काही राउटरांत एसक्यूएम नावाची सोय असते, ती छोट्या पाकिटांना अडकू देत नाही. ती चालू करा. नसेल तर निदान खेळताना फोटोंचा बॅकअप थांबवा.

टीव्हीवर खेळत असाल तर 'गेम मोड' आवर्जून लावा. चित्र गुळगुळीत आणि रंगीत करण्यासाठी टीव्ही जी प्रक्रिया करतो तिच्यात दहादहा मिलिसेकंद जातात आणि पिंगच्या आकड्यात ते दिसतही नाहीत. लॅग घालवण्याची हमी देणाऱ्या 'बूस्टर' ॲपपासून मात्र जपून. तुमची वाट वेडीवाकडी असेल तर ती कधीकधी सरळ करून देतात, पण काचेतल्या प्रकाशाला त्यांना पळवता येत नाही.

क्लाउड गेमिंगमध्ये तर वरच्या बहुतेक युक्त्या गळून पडतात. गेम तुमच्याकडे नसतोच, दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि तुम्हाला त्याचा व्हिडिओ येतो. जगाची प्रतच जवळ नाही, तर तुमचं मशीन तुमचं पाऊल आधी टाकणार कसं? १९९६ च्या मूळ 'क्वेक'सारखं पुन्हा बटण दाबा आणि वाट बघा, वर व्हिडिओ आवळण्याचा आणि उलगडण्याचा वेळ वेगळा. गूगलने नोव्हेंबर २०१९ मध्ये आणलेली स्टेडिया सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद केली. ती बंद होण्यामागे धंद्याची कारणं होतीच, पण हे तांत्रिक दुखणं या धंद्यातल्या प्रत्येकाला आहे. त्यावर उपाय एकच, सर्व्हर खेळणाऱ्याच्या शक्य तितक्या जवळ आणणं. तो जवळ असेल आणि गेम कोडी सोडवण्याचा किंवा पाळीपाळीने चाल करण्याचा असेल तर काही जाणवत नाही. हाणामारीच्या गेमसाठी मात्र आजही आपलं मशीन आणि आपली केबलच बरी.